दरवर्षी गॅस भरायचा की एसीच बदलायचा? समुद्राजवळच्या घरांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर वसई पश्चिमेला, समुद्रापासून जेमतेम दीड किलोमीटरवर, इमारतीचा शेवटचा मजला. बेडरूममध्ये २०१८ सालचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, गॅस आर-३२. मार्च ते जून आणि ऑक्टोबरात रोज रात्री आठेक तास चालतो. गेली तीन वर्षं दर मार्चमध्ये एसीवाला येतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो आणि भरून जातो. यंदा भरलेला गॅस दोन महिन्यांतच गेला. आता तो म्हणतोय कुलिंग कॉइल (आतल्या युनिटमधली, हवा गार करणारी नळ्यांची जाळी) बदला. शेजारचे म्हणतात नवा पाच स्टार घ्या. शिवाय पावसाळ्यात इनडोअरमधून भिंतीवर पाणी उतरतं, ते वेगळंच.

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. आता गॅस भरू नका. गळती नेमकी कुठे आहे ते नायट्रोजन लावून, म्हणजे हा वायू नळ्यांत दाबाने भरून, शोधून घ्या. फ्लेअर नटला (तांब्याचा पाइप युनिटला जोडणारा नट) किंवा पाइपला निघाली तर दुरुस्त करून मशीन आणखी दोन-तीन उन्हाळे चालवा. इनडोअरच्या कॉइलला निघाली तर आउटडोअरची कॉइल कशी आहे ते बघून ठरवा. दोन्ही कॉइली खंगल्या असतील तर त्या मशीनवर एक रुपयाही घालू नका.

आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं एक समज पसरवून ठेवलाय, की एसीला ‘वर्षाला गॅस भरावाच लागतो’. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो: आत खोलीतली उष्णता घेतो, बाहेर जाऊन सोडतो, परत येतो. आउटडोअरच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर गॅसचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. कंपनीतून निघताना तेवढा असतो आणि पंधरा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. भोक तसंच ठेवून गॅस भरणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुमच्याकडे आधी भरलेला गॅस वर्षभर पुरत होता, आता दोन महिने पुरतोय. भोक मोठं झालंय किंवा एकाची तीन झालीत.

पण गॅस खरंच कमी आहे का, हे आधी पडताळून बघा. मळलेला फिल्टर, धुळीने बुजलेला ब्लोअर, बाहेर गरम हवा कोंडून राहणं, या सगळ्यांची लक्षणं घरातून बघताना सारखीच दिसतात: एसी चालू आणि खोली गार होत नाही. घरी एवढं करा. फिल्टर धुवा. रिमोटवर १८ अंश आणि पंखा सर्वांत जोरात ठेवा, म्हणजे इन्व्हर्टर मंदावणार नाही. वीस मिनिटांनी साधा डिजिटल थर्मामीटर आधी इनडोअरच्या वरच्या जाळीवर धरा, जिथून हवा आत ओढली जाते, आणि मग खालच्या झडपेसमोर. दोन्हींत आठ ते बारा अंशांचा फरक असेल तर मशीन त्याचं काम करतंय. मे महिन्यात आपल्याकडे हवेत इतकी आर्द्रता असते की एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते, त्यामुळे फरक आठाच्या आसपास आला तर लगेच घाबरायचं कारण नाही. चार-पाचच अंश आला, आणि आउटडोअरला येणाऱ्या बारीक पाइपवर नटाजवळ पांढरं बर्फ धरलेलं दिसलं, तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता दाट आहे.

आता एसीवाला गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारा काटा, लावतो ते बघा. मशीन बंद असताना गेज लावून ‘प्रेशर बरोबर आहे’ किंवा ‘कमी आहे’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आर-३२ चं बंद मशीनमधलं प्रेशर ३० अंशाला साधारण २६५ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतं, आणि आत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी तेवढंच दाखवतं, गॅस पूर्ण भरलेला असो वा अर्धा. ते प्रेशर फक्त त्या दिवसाचं तापमान सांगतं. चालू मशीनवरही इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग बदलत असतो, त्यामुळे काटा ११० ते १४० मध्ये कुठेही हिंडतो. त्या काट्यावरून ‘थोडा टाकू या’ म्हणत गॅस सोडणं हा अंदाजपंचे दाहोदर्से प्रकार झाला. खात्रीचा मार्ग एकच: होता तो गॅस काढायचा, गळती बुजवायची, व्हॅक्यूम करायचा, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची, आणि पट्टीवरच्या वजनाएवढा गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. आर-३२ हा एकच पदार्थ असल्यामुळे वरून थोडा घातला तरी त्याचं मिश्रण बिघडत नाही. आर-४१०ए हे मात्र दोन गॅसचं मिश्रण आहे, त्यात तर असं ढोबळ काम नकोच.

गळती शोधणं हे खरं काम, आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात, कारण त्याला वेळ लागतो. चांगला माणूस आधी डोळ्यांनी बघतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओलसर डाग पडतो आणि त्यावर धूळ बसून काळपट चिकटा तयार होतो. आउटडोअरचे दोन्ही नट, सर्व्हिस वाल्वची पितळी टोपणं, पाइप जिथे भिंतीतून बाहेर येतो आणि पत्र्याला घासतो ती जागा, इथे बोट फिरवलं की कळतं. टोपण जागेवर नसणं ही किती साधी गोष्ट! पण मागच्या वेळी गॅस भरणाऱ्याने ते लावलंच नाही म्हणून पिनमधून हळूहळू गॅस जातोय, असं मी कितीदा तरी बघितलंय. दोन मिनिटांचं काम, आणि त्यापायी घरमालकाने कॉइल बदललेली.

डाग दिसला नाही तर नायट्रोजन. आउटडोअरचे दोन्ही वाल्व बंद केले की इनडोअर आणि मधला पाइप वेगळा पडतो. त्या बाजूला कोरडा नायट्रोजन साधारण ४०० पीएसआयपर्यंत भरायचा, सिलिंडर बंद करायचा आणि काट्यावर खूण करून थांबायचं. साबणाचा दाट फेस नटांवर आणि कॉइलच्या वळणांवर लावायचा. मोठी गळती लगेच फुगे सोडते. बारीक गळतीला फुगा यायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तो टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे मणी एकमेकांना चिकटल्यासारखा दिसतो, म्हणून टॉर्च मारूनच बघावा. काहीच दिसलं नाही तर रात्रभर प्रेशर धरून ठेवायचं. सकाळी गारव्यामुळे काटा किंचित उतरतो, ते चालतं. पन्नास पीएसआय उतरला तर इनडोअर किंवा पाइप. अजिबात उतरला नाही तर दोष आउटडोअरकडे. ‘कॉइल गेली’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: नायट्रोजन कधी लावला, आणि फुगा कुठे दिसला? दाखवता आला नाही तर तो अंदाजाने बोलतोय.

इथे एक इशारा. नायट्रोजनच्या जागी कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. मशीनचाच कॉम्प्रेसर चालवून आत हवेचं प्रेशर भरण्याची युक्तीही तितकीच घातक आहे. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. गॅस आत असताना ब्रेझिंगची (तांब्याची नळी तापवून सांधण्याची) ज्योत लावायची नाही, आणि काम करताना खिडक्या उघड्या ठेवायच्या, कारण तो गॅस ज्योतीत सापडला की विषारी वाफा निघतात.

आता तुमच्या भागातल्या कॉइली का जातात ते सांगतो, कारण बदलायचं की नाही हे त्यावरच ठरतं.

बाहेरच्या कॉइलला खातो तो खारा वारा. तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर दाबून बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या, म्हणजे फिन, या दोन धातूंमध्ये खारट ओल आली की ॲल्युमिनियम झिजायला लागतं, आणि झीज सुरू होते ती नळीला चिकटलेल्या जागी. लांबून कॉइल ठीक दिसते. जवळ जाऊन फिनवर नख टेकवा: चांगली फिन वाकते, गेलेली फिन पापडासारखी मोडते आणि बोटाला पांढरी भुकटी लागते. अशा कॉइलमधून गॅस गळत नसला तरी उष्णता बाहेर जात नाही, कारण पत्रीचा नळीशी संबंधच तुटलेला असतो. मग मशीन जास्त वीज ओढतं, दुपारी ट्रिप होतं आणि ‘गॅस कमी’ म्हणून पुन्हा गॅस भरला जातो.

याला आळा घालणारी गोष्ट फुकटची आहे: साधं पाणी. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत महिन्यातून एकदा, वीज बंद करून, नळाच्या साध्या पाण्याने आउटडोअरची कॉइल धुवायची. पाइप हलक्या हाताने धरायचा, फिन वाकता कामा नयेत. अनेकांना वाटतं की छज्जाखाली ठेवलेलं युनिट सुरक्षित असतं. उलट असतं. उघड्यावरच्या युनिटवरचं मीठ पावसाळ्याचे चार महिने पाऊस धुऊन टाकतो, छज्जाखालच्याला वारा मीठ आणून देतो आणि पाऊस शिवतही नाही. पावसाळ्यात युनिटला प्लास्टिकचं कव्हर बांधायचं तर अजिबात नाही. आत ओल कोंडते, आणि जूनमध्ये बांधलेलं कव्हर सप्टेंबरमध्ये सोडलं की खालचा पत्रा पोपडे धरून सुटलेला असतो.

आतल्या कॉइलचं कारण वेगळं. तिथे मीठ कमी पोचतं. तिला त्रास देतात हवेतल्या वाफा. नाला, खाडी किंवा उघडी गटारं जवळ असतील तर हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं करून पोखरतो. माहीम, वाशी, ठाण्याच्या खाडीकाठच्या इमारतींत हे नेहमीचं आहे. नवं फर्निचर, प्लाय, डिंक, रंग, काही सफाईची रसायनं यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफाही नळीत वारुळासारखी बारीक, फांद्या फुटलेली छिद्रं पाडतात. घरबसल्या एक परीक्षा करता येते. देवघरातली चांदीची निरांजनं-ताम्हण घासूनपुसून ठेवल्यावर पंधरा दिवसांत काळी पडत असतील, तर तुमच्या घरातल्या हवेत गंधकाचा वायू आहे, आणि जे चांदीचं होतं तेच कॉइलच्या तांब्याचं आणि पीसीबीवरच्या (मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डवरच्या) बारीक रेषांचं होतं. अशा घरात इनडोअरच्या कॉइलला एक छिद्र पडलं की ते ब्रेझिंग करून बुजवण्यात अर्थ नसतो. ज्या हवेने ते पाडलं तिने आजूबाजूला आणखी चार अर्धवट पाडून ठेवलेली असतात. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

म्हणून तुमच्यापुरता हिशेब असा. फ्लेअर नट किंवा पाइपची गळती: नवा फ्लेअर, गरज पडली तर नवा नट, व्हॅक्यूम, मोजून गॅस. आमच्या पट्ट्यात हे साधारण चार-पाच हजारांत होतं. इनडोअर कॉइल बदलायची तर गॅससकट दहा ते पंधरा हजार. आउटडोअरच्या फिन नख लावल्यावर वाकत असतील, मोडत नसतील, तर हा खर्च मी करीन, कारण पीसीबी आणि कॉम्प्रेसर सुस्थितीत आहेत. कॉम्प्रेसरवर कागदोपत्री दहा वर्षांची वॉरंटी असेल तर तीही वापरात राहते. पण आउटडोअर भुकटी सोडत असेल, तर आज इनडोअर कॉइल, पुढच्या वर्षी बाहेरची कॉइल, त्यानंतर पीसीबी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिथे थांबा. वॉरंटीचं कार्डही काढून वाचा. बऱ्याच कार्डांत गॅस, मजुरी आणि गंजामुळे झालेलं नुकसान बारीक अक्षरांत वगळलेलं असतं.

कुणाचा एसी त्याहून जुना, आर-२२ गॅसचा असेल तर त्याला विचार करायला फारसं काही नाही. ओझोनच्या थराला मारक म्हणून हा गॅस मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होतोय. आपल्याकडे तो वापरणारी नवी यंत्रं बनवणं १ जानेवारी २०२५ पासून थांबलंय. गॅस मिळतो, पण महाग आणि भेसळीचा धोका असलेला. त्या मशीनची कॉइल गेली की मशीन गेलं असंच समजा.

पाणी गळण्याचं बघू. समुद्राकाठच्या दमट रात्री दीड टनाचा एसी तासाला लिटर-दोन लिटर पाणी काढतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ते सगळं इनडोअरच्या खालच्या अरुंद ट्रेमधून बोटाएवढ्या पाइपने जायचं असतं. त्या ट्रेमध्ये धूळ आणि ओल मिळून पारदर्शक, जेलीसारखा बुळबुळीत थर धरतो आणि तो पाइपच्या तोंडाशी जाऊन बसतो. सर्व्हिसवाल्याने फक्त पुढची कॉइल फवारली आणि ड्रेन पाइप फुंकून साफ केला नाही, तर त्याने तो थर उलट आत ढकललेला असतो. ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओतून ते बाहेरच्या टोकाला धारेने येतंय का हे तुमच्या डोळ्यांदेखत दाखवायला सांगा. ड्रेन पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नसावं, आणि मध्ये कुठे पोट धरून वर चढलेला नसावा. तुमच्याकडे आणखी एक शक्यता आहे. गॅस कमी असला की कॉइलवर बर्फ धरतो, मशीन थांबल्यावर तो एकदम वितळतो आणि ट्रेबाहेर सांडतो. गळती बुजल्यावर पाणीही थांबलं तर कारण ते होतं. नाही थांबलं तर इनडोअरच्या मागचा इन्सुलेशनचा काळा फोम बघा. तो फाटला की उघड्या पाइपवर घाम येतो आणि भिंतीवर पिवळट ओघळ उतरतो, आणि हा त्रास फक्त पावसाळ्यातच दिसतो.

कुबट वासाचंही याच्याशीच नातं आहे. रात्री बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या फॅनवर चालवला की कॉइल सुकते आणि बुरशी कमी धरते. काही मशीन ऑटो क्लीन नावाने हे स्वतःच करतात. ‘गॅसचा वास येतोय’ म्हणून फोन येतात, पण या गॅसला ओळखण्यासारखा वास नसतो. वास येतो तो बुरशीचा, नाहीतर कुठेतरी तापलेल्या वायरीचा. दुसरा असेल तर मेन स्विच बंद करूनच फोन करा.

सर्व्हिसबद्दल फार लिहीत नाही. फिल्टर पंधरा दिवसांनी स्वतः धुवायचा. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि पावसाळा संपल्यावर, ब्लोअरसकट जेट सर्व्हिस. कॉइलवर ॲसिड मारू देऊ नका. ते क्षणात चकचकीत करतं, आणि फिनवरचा निळा संरक्षक थर त्याबरोबरच उतरतो. स्वस्त सर्व्हिसचं गुपित बहुधा त्या बाटलीतच असतं.

एसी अजिबात सुरूच होत नाही किंवा मध्येच थांबतो अशांसाठी दोन ओळी. जुन्या, बिनइन्व्हर्टर मशीनमध्ये बाहेरून नुसतं ‘हूं’ असा आवाज येऊन काही सेकंदांत बंद होत असेल, तर कॉम्प्रेसर गेला असं समजण्याआधी कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा विजेचा भाग) तपासायला लावा. फुगलेला कपॅसिटर काही शेकड्यांत बदलतो. स्वतः हात घालू नका, वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. इन्व्हर्टरमध्ये आउटडोअरच्या पीसीबीवर पाल चढून शॉर्ट होणं आमच्याकडे इतकं नेहमीचं आहे की झाकण उघडताना मी आधी तिचाच शोध घेतो. वायरी आत जातात ती फट जाळीने बंद करून घ्या. कबुतरांचं घरटं असेल तर तेही काढा, ती मागच्या जाळीत काड्या कोंबून हवा बंद करतात.

आता, नवा घ्यायचाच ठरला तर.

दुकानात ‘पाच स्टार घ्या, पैसे वसूल होतात’ म्हणतात. ते तुमच्या तासांवर अवलंबून आहे. बीईई, म्हणजे स्टार ठरवणारी सरकारी संस्था, हिच्या लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, ती १६०० तास वापर धरून. जुलै २०२२ मध्ये आलेल्या पट्टीनुसारचं दीड टनाचं तीन स्टार मशीन घेतलं तर तिथे साधारण ९५० ते १००० युनिटं दिसतात, पाच स्टारवर ७५० च्या आसपास. फरक दोनशे-सव्वादोनशे युनिटांचा. वीजबिलात एसीची युनिटं घरातल्या बाकी वापराच्या डोक्यावर बसतात, म्हणून त्यांना सरासरी दर न लावता तुमच्या बिलातला सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लावा. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात आणि उन्हाळ्यात एसी तुम्हाला हमखास वर ढकलतो. सगळे आकार धरून युनिटला बारा-पंधरा रुपये पकडले तर १६०० तासांना वर्षाला अडीच-तीन हजार वाचतात. तुमचा वापर पाच महिने, रोज आठ तास, म्हणजे १२०० तास. वाचणार दोन-सव्वादोन हजार. किमतीतला फरक आठ-दहा हजार असेल तर वसुलीला चार-पाच वर्षं. पुण्यात किंवा नाशिकला मी लगेच पाच स्टार म्हटलं असतं. समुद्रापासून दीड किलोमीटरवर मशीनचं आयुष्यच सात-आठ वर्षं धरायचं असतं, तिथे तीन स्टार घेऊन उरलेले पैसे चांगल्या बसवणुकीवर आणि गच्चीच्या स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग देण्यावर घालावेत असं माझं मत आहे. जो फक्त एप्रिल-मेच्या रात्री एसी लावतो त्याने तर पाच स्टारचा विचारही करू नये. आणि ज्यांच्याकडे वृद्ध माणूस किंवा तान्हं बाळ आहे आणि एसी दिवसरात्र चालतो, त्यांनी डोळे झाकून पाच स्टार घ्यावा.

स्टारची पट्टी वेळोवेळी वर सरकवली जाते हेही लक्षात ठेवा. २०१८ चं काठावरचं पाच स्टार मशीन जुलै २०२२ च्या पट्टीत चार स्टारच भरतं. तेव्हा दुकानातला जुना माल स्वस्त मिळत असेल तर स्टार न बघता लेबलवरचा आयएसईईआर आकडा बघा, तो जितका मोठा तितकी वीज कमी. सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, जुनं कोटेशन असेल तर नवं मागा.

टनाचंही तसंच. दीड टन म्हणजे १८,००० बीटीयू, सव्वापाच किलोवॉट. पण ‘दीड टन’ नावाने विकली जाणारी अनेक मशीन लेबलवर ४७००-४८०० वॉटच दाखवतात. तुमच्या वरच्या मजल्याला खरी क्षमता लागते, तेव्हा वॉट वाचून घ्या. खालच्या मजल्यावर शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला मात्र एक टन पुरतो. तिथे उगाच दीड टन लावला तर, विशेषतः बिनइन्व्हर्टर मशीन असेल तर, ते खोली पटकन गार करून बंद पडतं आणि ओल काढायला वेळच मिळत नाही. अंगाला गार लागतं आणि चादर दमट. रिमोटवरचा आकडाही १८ वर नेऊन ठेवू नका. २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वरच सुरू होतात. २५-२६ आणि सोबत छताचा पंखा मंद, यात आपल्या हवेत झोप चांगली लागते.

कॉइल दोन्हीकडे तांब्याची, आणि फिनवर गंजरोधक थर असलेली घ्या. ॲल्युमिनियमची कॉइल वाईटच असते असं नाही, पण ती गळली तर आपल्याकडे नीट दुरुस्त करून देणारे हात कमी आहेत. आउटडोअर बसवताना त्याच्या तोंडासमोर भिंत किंवा बंद ग्रिल नको. सोसायटीने दिलेल्या कोंदट डक्टमध्ये चार युनिटं एकमेकांवर गरम हवा फेकत असतील तर जागा बदलून मागा, लेखी मागा.

आणि बसवायला येणाऱ्याला फोनवरच तीन गोष्टी विचारा. व्हॅक्यूम पंप आणणार का? पाइपमध्ये थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलली की झालं, असं म्हणणारा आर-३२ साठी चालणार नाही. आत राहिलेली ओल तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि कॉम्प्रेसर खाते. जुना पाइप वापरायचा असेल तर तो त्याच गॅसचा, न दबलेला आणि कमीत कमी ०.८ मिलिमीटर जाडीचा आहे का? दोन सूत (पाव इंची) आणि चार सूत (अर्धा इंची), दोन्ही पाइपांचे फ्लेअर नव्याने काढायला सांगा, जुने आवळू देऊ नका. आणि शेवटच्या मजल्यावर बाहेर उतरणाऱ्याकडे सेफ्टी बेल्ट आहे का? नसेल तर काम करू देऊ नका, मग तो ‘साहेब, रोजचंच आहे’ म्हणो. तुमचा मजला बघता हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारीन. वीजेसाठी एसीला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर, २० अँपिअरची एमसीबी आणि खरंच जमिनीत गेलेलं अर्थिंग.

जुनं मशीन काढताना उरलेला गॅस हवेत सोडू देऊ नका. गळती नसती तर तो आउटडोअरमध्येच ओढून दोन्ही वाल्व बंद करता आले असते. पण तुमच्या मशीनला भोक आहे, आणि अशा मशीनवर कॉम्प्रेसर चालवून गॅस ओढला तर हवाही आत येते आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. तेव्हा रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा. नवा घेताना दुकानदार जुना परत घेत असेल तर त्यालाच द्या. भंगारवाला तांब्याचे शे-दोनशे जास्त देईल, पण तो सगळ्यांत आधी पाइपच कापतो.